बाहेरच्या घोड्याचं पिस्तूल

“आधी हा टॉवेल पिळा.”

पिस्तूल घ्यायला आलेल्या माणसाशी काकूंचं बोलणं या वाक्यानं सुरू व्हायचं. दुकानाच्या कोपऱ्यात बादली आणि बादलीत भिजवलेला जाडाभरडा टॉवेल. येणारा कुणी बागायतदार, कुणी व्यापारी. कडक इस्त्रीचे कपडे, बोटात अंगठ्या, खिशात कचेरीची परवानगी. त्याला वाटायचं, बाई चेष्टा करायलीय. पण काकू हसायच्या नाहीत. तो टॉवेल पिळायचा आणि काकू त्याच्याकडे बघत राहायच्या. पाणी किती निघालं याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. पिळताना माणूस दातओठ खातो का, कोण बघतंय म्हणून इकडंतिकडं बघतो का, पाणी स्वतःच्याच चपलेवर पाडतो का, हे त्या बघायच्या. मग म्हणायच्या, “बसा. आता सांगा, कशापायी पाहिजे?”

परभणीत स्टेशनकडून गावात येताना एका आतल्या गल्लीत हे दुकान होतं. बंदुका-पिस्तुलांची विक्री आणि दुरुस्ती, आणि शेजारच्या टेबलावर शिलाई मशीनची दुरुस्ती. मी कलेक्टर कचेरीत शस्त्र परवान्यांच्या टेबलावर कारकून. दर तीन महिन्यांनी दुकानात जायचं, कपाटातल्या हत्यारांचे नंबर वहीशी ताडून बघायचे आणि सही करून यायचं, एवढंच माझं काम. पिस्तुलाची मला भीती वाटायची. मी दोन हात लांब उभा राहायचो आणि काकू चष्म्यावरून माझ्याकडे बघत नंबर मोठ्यानं वाचून दाखवायच्या. एकदा त्यांनी मलाही टॉवेल पिळायला लावला. म्हणाल्या, “हात चांगला हाय की, साहेब. तुमची भीती हातात न्हाई. वर कुठंतरी हाय.” मी कारकून होतो, पण त्या मला साहेबच म्हणायच्या. त्यात आदर किती आणि टिंगल किती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांचं नाव अनसूया. यजमान निजामाच्या काळात हैदराबादेत हे काम शिकून आले आणि परभणीत दुकान टाकून बसले. शेवटी शेवटी त्यांचे डोळे अधू झाले तेव्हा काम काकूच करायच्या, ते नुसते आवाज ऐकून चूक सांगायचे. ते वारले तेव्हा भाऊबंद म्हणाले, आता दुकान काढून टाका. काकूंनी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. परवाना आपल्या नावावर करून घ्यायला कचेरीत किती खेटे घातले याला गणती नाही. तो झाल्यावर पाटी रंगवणाऱ्याला बोलावलं आणि यजमानांच्या नावाखाली आपलं नाव घालायला सांगितलं. तो बिचारा म्हणाला, “जरा बारीक काढू का, काकू?” काकू म्हणाल्या, “बारीक कशापायी? लांबून दिसलं पाहिजे.”

तरी लांबून आलेलं गिऱ्हाईक दारात थबकायचंच. “माणूस न्हाई का कोणी दुकानात?” काकू भिंतीवरच्या फोटोकडे बोट करायच्या. “मालक तिथं हायत. त्यांच्याशी बोलायचं असलं तर बोला. पिस्तूल पाहिजे असलं तर माझ्याशी बोला.”

काकूंचा जीव बत्तीस बोअरच्या पिस्तुलावर. पंचवीसच्या, बारक्या नळीच्या पिस्तुलाला त्या खेळणं म्हणायच्या. त्याच्यावरचं मोठं बोअर पलटणीचं, ते आपल्यासारख्याला मिळत नाही. बत्तीसचा झटका हाताला सोसतो, काडतूस मिळतं, आणि त्यांच्या मते माणसानं हत्यार घ्यायचंच तर जे सोसवतं तेच घ्यावं. कपाटात बत्तीसची जुनी पिस्तुलं तीन तऱ्हेची असायची. कंपन्यांची नावं त्या घ्यायच्या नाहीत, देशावरून हाक मारायच्या. अमेरिकन, बेल्जियन आणि जर्मन.

अमेरिकन सगळ्यात देखणं. चपटं, गुळगुळीत. गोळीवर ठोका देणारा घोडा पोलादाच्या पोटात लपलेला, बाहेर काही दिसत नाही. बेल्जियन अंगानं त्याहून लहान. त्याला घोडाच नाही, आत नुसती स्प्रिंगवर ताणलेली सुई. जर्मन दिसायला जरा ओबडधोबड, पण त्याचा घोडा बाहेर, पाठीमागं उघडा. घोडा चढलाय की उतरलाय ते बघणाऱ्याला दिसतं. शिवाय आत गोळी भरलेली असली की घोड्याच्या वर एक बारकी पिन बाहेर येते. अंधारात अंगठा फिरवला तरी कळतं.

येणारा प्रत्येक जण अमेरिकनवर भाळायचा आणि काकू प्रत्येकाच्या गळ्यात जर्मन मारायला बघायच्या. “दिसायला काय बघायलाव? हत्यारानं मालकाला सगळं सांगितलं पाहिजे. भरलंय का, चढलंय का. जे आत ठेवतं त्याचा भरवसा धरू नये.” एवढं सांगूनही माणूस ऐकेना तर मागेल ते काढून द्यायच्या. आणि काही जणांना काहीच द्यायच्या नाहीत. पिंगळीचे एक रिटायर हेडमास्तर चोरांच्या भीतीनं परवानगी काढून आले होते. टॉवेल पिळताना त्यांनी तीनदा दाराकडं बघितलं. काकूंनी विचारलं, “घरात कोण कोण असतं?” ते म्हणाले, “मी, मंडळी आणि दोन नातवंडं.” काकूंनी कपाटाला कुलूप लावलं. “मास्तर, तुमाला बॅटरी पाहिजे. मोठी, चार सेलची. ती बाजारात भेटंल.” मास्तर आधी रागावले, मग बॅटरी घेऊन घरी गेले.

दसरा झाला की काकूंचा हंगाम. आमच्याकडे शस्त्रपूजेला पाटलांची पिस्तुलं देवासमोर येतात. नुसतं फूल वाहून कोणाचं समाधान होत नाही. हळदकुंकू, अक्षता, वर पंचामृताची आंघोळ. मग तेच पिस्तूल दूध, दही, मध, साखर पोटात घेऊन मखमलीच्या कापडात गुंडाळून ठेवायचं. दिवाळीच्या आत ते काकूंच्या टेबलावर यायचं. एकदा एका पिस्तुलाच्या नळीतून मुंग्यांची रांग निघाली. काकू एकेक मुंगी झटकत मालकाला म्हणाल्या, “देवाला आंघोळ घाला, यो देव न्हाई. पूजा करायचीच असली तर पिस्तूल ठेवायच्या चामडी पाकिटाची करत जा.” दरवर्षी दसऱ्याआधी तशी पाटीच त्या दारात लावायच्या. कोणी ऐकल्याचं मला आठवत नाही.

दिगंबरराव पाथरीकडच्या एका गावचे. गावाचं नाव मी लिहीत नाही. तरुण, गोड बोलणारे, चांगली बागायती. अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात पिस्तूल बघायला आले तेव्हा मी दुकानातच होतो. टॉवेल त्यांनी झकास पिळला. काकूंनी तिन्ही पिस्तुलं कापडावर मांडली आणि त्यांनी सरळ अमेरिकन उचललं.

“जर्मन बघा,” काकू म्हणाल्या. “पहिल्या गोळीला चाप लांब ओढावा लागतो. तेवढ्यात माणसाला इचार करायला सवड भेटती.”

“इचार आधी करून ठिवायचा असतो, काकू. ह्येचा घोडा आत हाय, खिशातून काढताना अडकणार न्हाई.”

“अडकावं जरा.”

दिगंबरराव हसले. अमेरिकन बाजूला काढून ठेवा, कचेरीचा शेवटचा कागद आला की घेऊन जातो, असं सांगून गेले.

पावसाळ्यात विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. गावोगावच्या बौद्धवाड्यांवर लोक चालून गेले. बस बंद, रस्ते अडवलेले. कचेरीत आम्ही कागद फिरवत बसलो होतो आणि बाहेर काय चाललंय ते चहाच्या टपरीवर ऐकत होतो. जरा शांत झाल्यावर बस सुरू झाल्या, त्या दिवशी अडलेली सगळी माणसं एकदम परभणीत आली. माझीही राहिलेली तपासणी होती. मी दुकानात पोचलो तर काकूंसमोरच्या खुर्चीत चाळिशीची एक बाई बसलेली. टेबलावर गोणपाट आणि गोणपाटावर शिलाई मशीनचं डोकं. काळं ठिक्कर पडलेलं, चाक वाकडं झालेलं. बाईचं नाव गयाबाई. गाव दिगंबररावांचंच.

“हे कशानं झालं?” काकूंनी विचारलं.

“घर जाळलं. मशीन घरात व्हती.”

“कोणी?”

गयाबाईनं नावं सांगितली. आवाज चढवला नाही, रडली नाही. पहिलं नाव दिगंबररावांचं होतं.

“ठाण्यात सांगितलं?”

“दोनदा गेले. लिव्हून घ्येइनात. म्हनत्यात, चुलीची ठिणगी पडली असंल. सोळा घरं एका ठिणगीनं गेली म्हना.”

काकू मशीनचं चाक हातानं फिरवून बघत राहिल्या. ते फिरत नव्हतं. तेवढ्यात दिगंबरराव कागद घेऊन दारात उभे. “काकू, कागद आला बघा. आमचं अमेरिकन द्या.” मग त्यांना गयाबाई दिसली. गावात ते समोर आले की तिला उठून उभं राहावं लागायचं. ती उठली नाही.

“देत न्हाई,” काकू म्हणाल्या.

“म्हंजे?”

“म्हंजे देत न्हाई. ही मशीन बघा. वळखता का?”

दिगंबररावांनी मशीनकडं बघितलं नाही. “काकू, तुमी आपल्यातल्या. उगी दुसऱ्याच्या भानगडीत कशाला पडायलाव?”

“पिस्तूल माझ्या कपाटातलं हाय. भानगड माझीच हाय.”

“ह्ये कचेरीतले साहेबच हितं हायत की. त्यांना इचारा कायदा.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. परवानगी खरी होती, सही-शिक्का बरोबर होता. “कागद तर बरोबर आहे, काकू,” मी म्हणालो, आणि त्यांना आत बोलावून हळूच सांगितलं, “असं तोंडावर नाही म्हणू नका, परवाना जाईल. वहीत लिहा, स्प्रिंग तुटली, हैदराबादहून यायची आहे. दोनचार महिने सहज निघतील. मी सही करतो.”

मला वाटत होतं की मी मोठी हुशारी केली आणि थोडं धाडसही. काकूंनी माझ्याकडं बघितलं, त्यात राग नव्हता. “स्प्रिंग चांगली हाय, साहेब. कालच तेल दिलंय. मी खोटं कशापायी लिहू? खोटं त्यांनी लिहावं, चुलीची ठिणगी म्हणणाऱ्यांनी.”

बाहेर येऊन त्यांनी वही उघडली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं. हत्यार दिले नाही. यांच्या गावात बौद्धवाडा जाळला. जाळणाऱ्यांत यांचे नाव सांगतात. जळालेली शिलाई मशीन माझ्याकडे दुरुस्तीस आली आहे. यांना हत्यार देणे मला पटत नाही. खाली सही केली. अक्षरं पाटीवरच्यासारखीच ठळक.

“मला बी सही येती,” गयाबाई म्हणाली. काकूंनी वही तिच्याकडं सरकवली. तिनं सावकाश नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट पूर्ण नाव लिहिलं, पुढं गाव लिहिलं. संध्याकाळच्या गाडीनं तिला त्याच गावात परत जायचं होतं. दिगंबरराव दारात उभे राहून बघत होते. “ह्ये महागात पडंल,” एवढं बोलून ते गेले. कोणाला बोलले ते कळलं नाही. पानाच्या तळाशी तपासणीची माझी सही लागतच होती. मी ‘तपासले’ असं लिहून कोपऱ्यात सही केली.

पंधरा दिवसांत काकूंना कचेरीत बोलावणं आलं. माझ्या वरच्या साहेबांनी विचारलं, “वैध परवानगी असताना नाही म्हणायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?”

“कोणी न्हाई,” काकू म्हणाल्या. “परवाना तुमचा हाय, तुमी काढून घ्या. वहीत लिहिलेलं माझं हाय, ते राहू द्या.”

परवाना गेला. सील लावायला मलाच पाठवलं. मी लाख वितळवत होतो आणि काकू हत्यारं एकेक करून पेटीत ठेवत होत्या, कोणतं जड चालतं, कोणाला तेल जास्त लागतं ते सांगत होत्या. जर्मन सगळ्यात शेवटी ठेवलं. वही जप्त होऊन माझ्या कपाटात आली. घरी जाऊन मी जेवलो नाही. मला माझी लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी काकूंनी शिलाई मशीनचं टेबल दारापुढच्या ओट्यावर मांडलं आणि कामाला लागल्या. पाटी काढली नाही. पहिली मशीन गयाबाईची. दुरुस्तीला दोन महिने लागले, पण मशीन चालली.

दिगंबररावांना पिस्तूल दुसऱ्या जिल्ह्यातून मिळालं. अमेरिकनच. पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर ते पोलिसांच्या गाडीतून परभणीत आलं. झालं होतं असं, की दिगंबररावांनी भरलेलंच पिस्तूल पूजेला ठेवलं आणि पंचामृतानं न्हाऊ घातलं. मध आत जाऊन सुकला. वरचा भाग सरकेना, बंद करायची कळ अर्ध्यात अडकली. आत गोळी आहे हे नक्की, पण घोडा चढलाय की उतरलाय ते बाहेरून कळायला मार्ग नाही. पोलीस मुख्यालयातला हत्यारांचा माणूस म्हणाला, मी हात लावणार नाही. उघडू शकेल असं माणूस जिल्ह्यात एकच होतं.

साहेबांनी मला पाठवलं. काकू म्हणाल्या, “परवाना नसताना हत्याराला हात लावणं गुन्हा हाय. लेखी आणा.” मी परत गेलो. साहेब चरफडले, पण काकूंच्या नावानं विनंतीचं पत्र त्यांना सही करून द्यावं लागलं. पत्र दोनदा वाचून काकूंनी घडी घातली आणि परसात पोतंभर वाळू रचायला लावली. दिगंबरराव भिंतीशी उभे होते. काकूंनी तोंड वाळूकडं करून पिस्तूल धरलं, खालचं मॅगझिन काढलं आणि रॉकेलचा थेंब थेंब सोडत बसल्या. तासभर तेच चाललं. मग खट्ट आवाज झाला, वरचा भाग सरकला आणि गोळी उडून वाळूत पडली. काकूंनी ती उचलली, पदरानं पुसली आणि दिगंबररावांच्या हातावर ठेवली. “घोडा चढलेलाच व्हता. घरात लेकरं खेळतात ना तुमच्या?”

काकूंनी टॉवेलला हात पुसले आणि आत गेल्या.

आठ दिवसांनी साहेबांनी माझ्या हाती निरोप दिला. काम बघून मी खूश आहे, परवाना परत देतो. फक्त वहीतला तो मजकूर चुकून लिहिला असं लिहा आणि खोडून सही करा. मी निरोप सांगितला आणि वर आपल्या मनचंही सांगितलं, “काकू, एक रेघ ओढायची आहे. दुकान परत मिळतंय.”

काकूंनी मशीनमध्ये दोरा ओवला. “साहेब, त्या गावच्या जाळपोळीचा दुसरा कागद हाय का कुठं? ठाण्यात? तुमच्या कचेरीत?”

मला माहीत होतं. नव्हता.

“मग ती रेघ मी माझ्या लिहिण्यावर ओढते का त्या सोळा घरांवर? आणि गयाची सही? ती कोण खोडणार? न्हाई म्हणून सांगा. सांगताना आवाज बारीक करू नका.”

मी सांगितलं. आवाज बारीकच होता.

त्यानंतर पंधरा वर्षं काकूंनी शिलाई मशीनच दुरुस्त केल्या. परवाना कधी परत मिळाला नाही. त्याचं दुःख झालं नाही असं मी म्हणणार नाही. दसरा झाला की त्या ओट्यावर बसून गल्लीच्या तोंडाकडं बघायच्या, हे मी पाहिलेलं आहे. पण कोणी कळवळा दाखवला की त्याला हाकलून द्यायच्या.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला. मी संध्याकाळी गल्लीत गेलो. काकू खूप थकल्या होत्या, तरी समोर मशीन उघडलेली होतीच.

“ऐकलं,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं लावली. आणि देताना पण जुनं नाव सोडवेना.” मग विचारलं, “ते पान हाय का अजून?”

“आहे.”

“खोडलं?”

“नाही. दोनदा मागितलं, काकू. एकदा त्याच साहेबांनी खोडायला आणि नंतरच्या साहेबांनी फाडायला. दोन्ही वेळा मी म्हणालो, वही सापडत नाही.”

“आणि व्हती कुठं?”

“माझ्याच कपाटात. जुन्या फायलींच्या मागं.”

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या सगळ्या नोकरीत अभिमान वाटावा अशी ही एकच गोष्ट होती. काकू खूप वेळ हसल्या.

“म्हंजे तुमी अमेरिकन निघालात, साहेब. घोडा हाय, पण आत.”

मीही हसलो. मग ते मनाला लागलं. त्यांनी विचारलं, “रिटायर व्हायला किती राहिलंय?”

“चार महिने.”

“मग काढा की बाहेर.”

रात्रभर मला झोप आली नाही. सकाळी मी वही कपाटातून काढली, नव्या साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं, ही सापडत नाही असं मी दोनदा खोटं सांगितलं होतं, ही माझ्याकडेच होती, आता हिची रीतसर नोंद करा. पुढं माझी चौकशी लागली, ती रिटायर झाल्यावरही चालली. पण नोंद झाली, आणि त्या पानाची शिक्क्याची नक्कल मी हट्टानं मागून घेतली.

नक्कल घेऊन गेलो तेव्हा गयाबाई काकूंच्या शेजारी ओट्यावर बसलेली होती. केस पांढरे झालेले. काकूंनी कागद दोघींच्या मध्ये धरला आणि बोट फिरवत सगळा वाचला. आपल्या सहीवर बोट टेकवलं, मग गयाबाईच्या सहीवर. मग खाली कोपऱ्यात कागद डोळ्याजवळ नेऊन कितीतरी वेळ शोधत राहिल्या.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “ही तुमची सही हाय ना? एवढी बारीक कशापायी काढलीत?”

गयाबाईनं कागद घडी घालून पिशवीत ठेवला. काकू पुन्हा मशीनवर वाकल्या. त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत.